अहमद इब्न माजिद : समुद्राची वाट लिहून ठेवणारे मुअल्लिम

वास्को-द-गामा १४९८ साली कालिकतला आला, हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलं आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून त्याला इकडे आणलं कुणी, हा प्रश्न मात्र वर्गात फारसा कुणी विचारत नाही. विचारलाच तर उत्तर ठरलेलं असतं : अहमद इब्न माजिद नावाच्या एका अरब खलाशाने. मग यावरून दोन तट पडतात. काहीजण छाती फुगवून सांगतात की युरोपला हिंदुस्थानचा रस्ता एका मुसलमानाने दाखवला. काहीजण हळहळतात की याच माणसाने दारूच्या नशेत आपला समुद्र परक्यांच्या हवाली केला. आम्हाला दोघांचंही नवल वाटतं. कारण ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय, त्याने स्वतः काय लिहून ठेवलंय तिकडे दोघांचंही लक्ष नाही.

मुळात ते खलाशी नव्हते, मुअल्लिम होते. हा फरक किनाऱ्यावर राहणाऱ्यांना चटकन कळेल, आत राहणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. त्या काळच्या व्यापारी जहाजावर नाखुदा हा सर्वेसर्वा असे. माल कुठे न्यायचा, कुणाला घ्यायचं, कुठल्या बंदरात थांबायचं हे तो ठरवी. बऱ्याचदा तो जहाजाचा मालक किंवा मालकाचा माणूस असायचा. पण जहाज भर समुद्रात गेलं की वाट कुठली धरायची हे मुअल्लिम सांगणार. अकबराच्या काळात अबुल फजलने आईन-ए-अकबरीत जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे. तिच्यात नाखुदा आणि मुअल्लिम यांच्यानंतर तांडेल, सारंग, कोठार सांभाळणारा भंडारी, हिशेब ठेवणारा कर्राणी, सुकाणू धरणारा, डोलकाठीच्या टोकावरून नजर ठेवणारा पंजरी आणि जहाजात शिरलेलं पाणी उपसणारा गुनमती असे सगळे येतात. यातले कितीतरी शब्द आमच्या कोकणात आजही जिवंत आहेत. नाखुदाचा नाखवा झाला. सुकाणू हा शब्द अरबी सुक्कानवरून आला. पावसाळ्याला आपण मोसमी वारे म्हणतो, तो मोसमही अरबीच. कच्छच्या दर्यावर्दी लोकांत मुअल्लिमचा मालम झाला. समुद्रावर शब्दांना पासपोर्ट लागत नव्हता.

शिहाबुद्दीन अहमद इब्न माजिद यांचा जन्म १५ व्या शतकाच्या पूर्वार्धात जुल्फारला झाला. आज संयुक्त अरब अमिरातीत जे रास अल खैमा आहे, त्याच्या शेजारचं हे जुनं बंदर. मोत्यांसाठी त्याचं नाव होतं. आजोबा मुअल्लिम, वडीलही मुअल्लिम. वडिलांचा हातखंडा लाल समुद्रात. दोन्ही किनाऱ्यांचा जाणकार अशी त्यांची ख्याती होती आणि त्यांनी हिजाजच्या वाटेवर हजाराहून जास्त बैतांचं एक काव्य रचलं होतं. काव्य म्हटल्यावर इश्क-मोहब्बत डोळ्यांपुढे आणू नये. कुठला खडक कुठे आहे, कुठल्या बेटाला कुठल्या बाजूने वळसा घालायचा, अशी ही कविता. रात्रीच्या अंधारात, जहाज हेलकावे खात असताना कागद उघडून बघता येत नाही. पाठ असलेली ओळ मात्र तोंडात असते. म्हणून समुद्राचं ज्ञान रजज वृत्तात बांधून ठेवायची रीत होती.

मुलाने वडिलांचं काव्य पाठ केलं, पण तिथे तो थांबला नाही. इब्न माजिद यांनी वाडवडिलांची मापं स्वतः समुद्रात जाऊन ताडून पाहिली आणि जिथे चुकली होती तिथे दुरुस्त केली. सुमारे चाळीस वर्षं हे काम केल्याचं ते लिहितात. त्यांच्या आधी तीन मोठे लेखक होऊन गेले होते, ज्यांना समुद्राचे सिंह मानलं जाई. इब्न माजिद त्यांचा आदर करतात, स्वतःला त्यांच्यानंतरचा चौथा म्हणवतात आणि लगेच हेही सुनावतात की ही मंडळी इतरांकडून ऐकून लिहिणारी होती, त्यांनी स्वतः फार दूरवर जहाज नेलेलं नव्हतं. नम्रता हा त्यांचा स्वभाव नव्हता, हे कबूल करायला हवं. आपल्या थोरवीबद्दल ते जागोजागी बोलतात. पण ज्याच्या एका चुकीने दीडशे-दोनशे माणसं बुडू शकतात, त्याने ऐकीव माहितीवर भरवसा ठेवू नये हा त्यांचा आग्रह आम्हाला तरी रास्त वाटतो.

आता ती वाट सापडायची कशी, ते बघू. भर समुद्रात चहूकडे पाणी. खूण म्हणून आभाळ तेवढं. उत्तरेचा ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे, यावरून आपण किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत हे कळतं. जसजसं दक्षिणेला जावं तसतसा तो खाली उतरतो. ही उंची मोजायचं माप म्हणजे इस्बा, अर्थात बोट. हात लांब करून बोट आडवं धरलं की आभाळाचा जेवढा तुकडा झाकला जातो, तेवढा एक इस्बा. पूर्ण वर्तुळाचे असे २२४ इस्बा. आजच्या हिशेबात एक इस्बा म्हणजे सुमारे १.६ अंश, म्हणजे समुद्रावर उत्तर-दक्षिण साधारण पावणेदोनशे किलोमीटर. पुढे बोटाऐवजी लाकडाच्या लहान-मोठ्या फळ्या आल्या. फळीला मधोमध दोरी, आणि फळीची खालची कड क्षितिजाला, वरची कड ताऱ्याला टेकली की माप मिळालं. कालिकतचं माप, हुर्मुझचं माप, मालिंदीचं माप मुअल्लिमला तोंडपाठ. त्या मापापर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचं आणि मग ते माप न सोडता सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला चालायचं. बंदर समोर येणारच.

यातही एक मेख होती. त्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवावर नव्हता, तो त्याच्यापासून साडेतीन अंशांच्या आसपास दूर होता. म्हणजे रात्रभरात तोही छोटंसं वर्तुळ काढायचा. तेवढी दुरुस्ती केली नाही तर जहाज दोन-तीनशे किलोमीटर भलतीकडे जाणार. ही दुरुस्ती कुठल्या ताऱ्याच्या कुठल्या स्थितीवरून करायची, याचे तपशील इब्न माजिद यांनी पानंच्या पानं दिले आहेत. दिशेसाठी क्षितिजाचे ३२ भाग केलेले होते आणि प्रत्येकाला तिथे उगवणाऱ्या किंवा मावळणाऱ्या ताऱ्याचं नाव होतं. चुंबकाची सुई होतीच. ती पेटीत नीट बसवण्याचं श्रेयही ते स्वतःकडे घेतात. अंतर मोजायचं जामने. एक जाम तीन तासांचा, दिवसरात्र मिळून आठ.

आणि किनारा जवळ आला हे कसं ओळखायचं? पाण्याचा रंग बदलतो. विशिष्ट पक्षी दिसू लागतात. शेवाळ तरंगत येतं. हिंदुस्थानचा पश्चिम किनारा जवळ आला की पाण्यात समुद्रसाप दिसायला लागतात. शिशाचं वजन दोरीला बांधून खाली सोडलं की खोली कळते आणि तळाचा चिखल आहे की वाळू तेही. आमच्या रत्नागिरी-रायगडकडचे जुने तांडेल यातलं बरंच काही आजही न वाचता सांगतील.

सगळ्यात मोठा मालक मात्र वारा. अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेकडून हिंदुस्थानला यायचं तर नैर्ऋत्येचा वारा पाठीशी हवा. पण जून-जुलैत तोच वारा इतका उसळतो की कोकण-मलबारची बंदरं बंद पडतात. मग एकतर त्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, निसटून यायचं, नाहीतर तो ओसरताना ऑगस्ट-सप्टेंबरात. परतीला हिवाळ्यातला ईशान्येचा वारा. तारीख चुकली की वर्ष गेलं. व्यापाऱ्याचा माल अडकला, घोडे दाणापाण्यावाचून मेले, कर्ज डोक्यावर चढलं. इथे हिजरी कॅलेंडरने काम भागत नसे, कारण चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, महिने ऋतूंतून सरकत जातात. म्हणून दर्यावर्दी लोक नवरोजपासून दिवस मोजत. कुठल्या बंदरातून कितव्या दिवशी निघायचं आणि कितव्या दिवसानंतर अजिबात निघायचं नाही, हे इब्न माजिद यांनी गुजरात, कोकण, मलबारसाठी वेगवेगळं दिलं आहे.

घोड्यांचा उल्लेख उगाच केलेला नाही. त्यांच्या काळात दाभोळ आणि चौल ही बहमनी सल्तनतीची भरभराटीची बंदरं होती. हुर्मुझ आणि अरबस्तानातून घोडे येत, इकडून कापड, तांदूळ, मसाले जात. दख्खनच्या फौजा त्या घोड्यांवर उभ्या होत्या. ज्या जहाजांतून ते येत, ती बहुतेक सागवानाची, आणि त्यांच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे तर काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. फटींत माशाचं तेल चोपडलेलं. शिवलेलं जहाज लाटेच्या धक्क्याला थोडं लवचिक राहतं. तरी पाणी झिरपायचंच, म्हणून तो गुनमती. उघड्या डेकवर घोडे, गोण्या, हाजी, व्यापारी, बायका-मुलं, गोड्या पाण्याचे साठे, सगळं एकत्र. आठवडेच्या आठवडे तेच चेहरे. म्हणूनच इब्न माजिद मुअल्लिमला ताऱ्यांबरोबर वागणुकीचेही धडे देतात. जहाज किनाऱ्यावर असतानाच त्याचे दोष तपासून घ्यावेत. झोप कमी घ्यावी. सुकाणू धरणाऱ्यावर सतत नजर असावी. प्रवाशांशी सौजन्याने वागावं. वैर वाढेल अशी थट्टामस्करी जहाजावर होऊ देऊ नये. अल्लाहची आठवण सोडू नये.

त्यांच्या नावावर सुमारे ४० रचना आहेत, बहुतेक काव्यात. १४६२ मध्ये पुरं केलेलं हाविया हे पहिलं मोठं काव्य. १४९० च्या सुमाराचा किताब अल फवाइद हा गद्यग्रंथ म्हणजे आयुष्यभराची शिदोरी. त्यात सुमात्रा, जावा, मादागास्कर, श्रीलंकेपर्यंतची मोठी बेटं आहेत, लाल समुद्राचे खडक आहेत, चोल नाविकांच्या मापांचा विचार आहे. किब्ल्याची दिशा कशी काढावी यावरही त्यांनी काव्य रचलं. ताऱ्यांचं तेच गणित, फक्त बंदराऐवजी मक्का.

आता त्या आरोपाकडे येऊ. तो पहिल्यांदा आला कुठून? कुतुबुद्दीन अन्-नहरवाली हे मक्केतले मोठे आलिम, घराणं गुजरातच्या नहरवाला म्हणजे पाटणशी जोडलेलं. येमेनवरच्या उस्मानी विजयाचा इतिहास त्यांनी १५७० च्या दशकात लिहिला. त्यात ओघात असं येतं की पोर्तुगीजांना पुढची वाट सापडत नव्हती, तेव्हा त्यांच्या सरदाराने अहमद इब्न माजिद नावाच्या निष्णात दर्यावर्द्याशी मैत्री केली, त्याला दारू पाजली आणि नशेत त्याने वाट सांगून टाकली. घटनेनंतर सुमारे ७५ वर्षांनी लिहिलेल्या या चार ओळी. शिवाय त्यात सांगितलेली वाट काय, तर किनाऱ्याला चिकटून जाऊ नका, खोल समुद्रात जाऊन मग वळा. ही सूचना आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतची वाटते. मालिंदीहून कालिकतला जाण्याची वाट अशी एका वाक्यात सांगून भागणारी नव्हती.

पोर्तुगीजांची कागदपत्रं वेगळंच सांगतात. गामाने मालिंदीच्या राजाचा एक विश्वासू माणूस अडकवून ठेवला आणि वाटाड्या मागितला. मोंबासाशी वैर असलेल्या राजालाही नवे दोस्त हवेच होते. त्याने वाटाड्या दिला. पुढच्या पोर्तुगीज इतिहासकारांच्या मते तो गुजराती होता, आणि त्याचं नाव म्हणून ते मालेमो काना किंवा कानाका असं काहीतरी देतात. मालेमो म्हणजे आपला मुअल्लिम, आणि कानाका म्हणजे बहुधा गणक, ज्योतिषी. थोडक्यात हे नाव नव्हे, हुद्दा आहे. २४ एप्रिल १४९८ ला मालिंदी सोडलं आणि २३ दिवस जमीन न दिसता चालून १८ मेला मलबारचे डोंगर दिसले. बारोश हा पोर्तुगीज इतिहासकार असंही नोंदवतो की गामाने आपलं अॅस्ट्रोलेब दाखवलं तेव्हा या मुअल्लिमला काहीच नवल वाटलं नाही.

मग इब्न माजिद यांचं नाव पुन्हा कसं चिकटलं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांची हस्तलिखितं ओळखली गेली. गाब्रिएल फेरां या फ्रेंच विद्वानाने ती प्रसिद्ध केली, नहरवालींच्या त्या ओळी शेजारी ठेवल्या आणि गामाचा वाटाड्या हाच असं जाहीर केलं. गोष्ट इतकी रंगतदार होती की ती पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. खरं तर १४९८ मध्ये ते साठीच्या पुढे होते, गुजराती नव्हते, आणि फवाइद तर त्याच्या आठ वर्षं आधीच लिहून झालं होतं. लेनिनग्राडच्या एका हस्तलिखितातल्या सोफाळ्याच्या काव्यात फिरंगी कालिकतला पोचल्याचा उल्लेख येतो, १९५७ मध्ये ते छापलं गेल्यावर पुन्हा चर्चा झाली. पण त्या ओळी मागाहून घुसडल्या असाव्यात असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, आणि त्यांतही कवी मी वाट दाखवली असं कुठे म्हणत नाही. शारजाचे शासक सुलतान अल कासिमी यांनी तर त्यांच्या निर्दोषत्वावर आख्खं पुस्तकच लिहिलं. अभ्यासकांत आज बहुतेकांचा कल त्याच बाजूला आहे.

आम्हाला याहून बोलका पुरावा परतीच्या प्रवासात दिसतो. गामा परत निघाला तेव्हा तो वाटाड्या सोबत नव्हता. पोर्तुगीजांनी ईशान्य वाऱ्याची वाट बघितली नाही, ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच गोव्याच्या दक्षिणेकडच्या अंजदीव बेटावरून शिडं उभारली. जो समुद्र येताना २३ दिवसांत ओलांडला, त्याला जाताना जवळपास तीन महिने लागले. हिरड्या सुजून, अंगावर व्रण येऊन ३० माणसं मेली. गलबतं तीच, तोफा त्याच. कमी होता तो वाऱ्याची तारीख सांगणारा माणूस. मे महिन्यातली ती सोपी यात्रा एका माणसाच्या गुपितामुळे नव्हे, शेकडो मुअल्लिमांना ठाऊक असलेल्या रोजच्या वाटेमुळे झाली होती. एप्रिलअखेर मालिंदीहून निघून पावसाआधी मलबार गाठणं ही त्यांच्यासाठी एसटीच्या वेळापत्रकासारखी गोष्ट. गुपित नव्हतंच, मग ते फोडणार कोण?

पुढे जे झालं त्याची हळहळ मात्र खोटी नाही. १५०२ मध्ये दुसऱ्या खेपेस आलेल्या गामाने मक्केहून परतणारं मिरी हे जहाज मलबारजवळ पकडलं आणि बायका-मुलांसह शेकडो प्रवाशांना जाळून मारलं. डिसेंबर १५०८ मध्ये आल्मेदाने आपलं दाभोळ लुटून बेचिराख केलं. त्यानंतर ज्या समुद्रावर कुणाचाच पहारा नव्हता, तिथे हाजींच्या आणि व्यापाऱ्यांच्या जहाजांना पोर्तुगीजांचा परवाना घेऊन फिरावं लागलं. एवढा मोठा घाव बसला की समाज दोषी शोधतो, आणि दूरच्या तोफखान्यापेक्षा घरातला एखादा दारुडा सापडणं सोपं जातं. नहरवालींच्या पिढीने तेच केलं असावं, असा आमचा अंदाज.

इब्न माजिद यांची तारीख असलेली शेवटची रचना १५०० सालची. त्यानंतर ते फार जगले नसावेत. पण त्यांची पुस्तकं चालत राहिली. १५५४ मध्ये उस्मानी आरमारप्रमुख सीदी अली रईस वादळात सापडून गुजरातच्या किनाऱ्याला लागला. जहाजं गेली, माणसं पांगली. अहमदाबादेत बसून त्याने मुहीत हा समुद्रविद्येचा ग्रंथ तुर्कीत लिहिला, तो मुख्यतः इब्न माजिद आणि सुलेमान अल महरी यांच्या पुस्तकांवरून.

आणखी तीनशे वर्षांनी, १८५० च्या दशकात, रिचर्ड बर्टन हा इंग्रज प्रवासी एडनहून सोमाली किनाऱ्याकडे निघाला, तेव्हा त्याने एक प्रथा टिपून ठेवली. जहाज हाकारण्याआधी तिथले खलाशी शेख माजिद यांच्या नावाने फातिहा पढत. होकायंत्र त्यांनीच शोधलं अशी त्यांची समजूत होती. वास्को-द-गामाचं नाव त्यात कुठेच नव्हतं.